गोळीचे नाव कसे घ्यावे?

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाजारगावी काही कामासाठी गेलो होतो. आठवडे बाजाराचा दिवस. पणत्या, रांगोळीचे रंग, मिरच्यांचे ढीग, आणि सगळ्यांवर मिळून धुळीचा एक पातळ पडदा. उन्हाने डोके चढले, म्हणून एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे एक म्हातारी होती. तिने पदराची गाठ सोडून नोट काढली आणि दुकानदारासमोर ठेवून म्हणाली, "हारिडोन दे."

दुकानदाराने मान वर न करता मागच्या फळीवर हात घातला आणि सॅरिडॉनचे पाकीट काढले. "एक का दोन, आजी?"

"एक."

सौदा झाला. तेवढ्यावर गप्प बसावे की नाही? पण वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला चुकीचा उच्चार कानावर पडला की खडू हातात असल्याचा भास होतो. मी म्हणालो, "आजी, हारिडोन नव्हे, सॅरिडॉन. स. सॅ."

म्हातारीने माझ्याकडे नीट निरखून पाहिले. मग तोंडभर हसली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "तुम्ही गुरुजी दिसता. मी तेच तर बोलले. त्याला कळले की!"

दुकानदारही हसला. मी माझी गोळी घेतली आणि घरी आलो. डोके तासाभराने उतरले, पण त्या आजींचे वाक्य काही उतरेना. गोळी मिळाली, म्हणजे नाव बरोबर होते. मग मी नेमके काय दुरुस्त करायला निघालो होतो? गोळीच्या नावाचा खरा उच्चार म्हणजे काय, तो कोणी ठरवला, आणि तो आमच्या नंदुरबारपर्यंत कोणत्या वाटेने आला, याचा शोध घेण्याचा नाद मला त्या दिवसापासून लागला. त्या शोधात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम त्या आजींचे वकीलपत्र घेतले पाहिजे. आमच्याकडच्या भिल्ली बोलींत अनेक ठिकाणी 'स'चा 'ह' होतो. 'सात'चा उच्चार 'हात' असा ऐकू येतो. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही ही लकब नोंदलेली आहे. म्हणजे आजींची जीभ अडखळली नव्हती. ती आपल्या घरच्या नियमाने चालली होती. आमच्या अहिराणीचेही असेच. तिथे 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो 'डोया', काळा तो 'काया', आणि गोळी ती 'गोयी'. नंदुरबार जिल्हा १९९८ च्या जुलैत धुळ्यापासून वेगळा झाला, पण बोलींची ही सरमिसळ त्याहून कितीतरी जुनी आहे. एका वर्गात अहिराणी, भिल्ली, मावची, पावरी, गुजर आणि गुजराती अशा घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. एकच शब्द फळ्यावर लिहावा आणि तो सहा तऱ्हांनी परत ऐकावा, हा आमचा रोजचा अनुभव.

कोणी म्हणेल, बोलींचे ठीक आहे, प्रमाण मराठीने तरी परक्या शब्दांचा मान राखला असेल. तेही पाहू. 'इस्पितळ' हा शब्द घ्या. मूळ हॉस्पिटल, इंग्रजांकडून आला म्हणा की पोर्तुगीजांकडून. आपण त्याचा 'हॉ' टाकला, पुढे 'इ' लावली, आणि शेवटी खास आपला 'ळ' बसवला. आज कोणताही पंडित 'इस्पितळ' अशुद्ध म्हणत नाही. हिंदीभाषकांनी त्याच शब्दाचे 'अस्पताल' केले. आणि ज्यांच्या भाषेला आपण नाजूक म्हणतो ते फ्रेंच लोक तर 'ह'ही उच्चारत नाहीत आणि 'स'ही. त्यांचे ते 'ओपिताल'. मग आमच्या आजींनीच काय घोडे मारले आहे?

औषधाच्याच नावाचा दाखला हवा असेल तर 'कोयनेल' आहे. आता हा शब्द मागे पडला, पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी तोच होता. हिवतापावरचे क्विनीन ते हे. सातपुड्यालगतचा पश्चिम खानदेशाचा मुलूख हिवतापासाठी बदनाम होता, आणि ब्रिटिश अमदानीत कोयनेलच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतूनही विकल्या जात. हे औषध दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. पेरूमधल्या लोकांच्या भाषेत सालीला 'किना' म्हणत. तिच्यातले कडू सत्त्व पॅरिसमध्ये पेल्लेत्ये आणि काव्हांतू या दोघांनी १८२० साली वेगळे केले आणि त्याला 'कीनीन' म्हटले. इंग्रजांनी त्याचे क्विनीन केले, अमेरिकनांनी क्वायनाइन, हिंदीने कुनैन आणि मराठीने कोयनेल. पेरूच्या डोंगरातला माणूस यांतला एकही शब्द ओळखणार नाही. गोळीचा गुण मात्र चारही नावांनी सारखाच आला.

*

आता डोकेदुखीच्या सगळ्यांत प्रसिद्ध गोळीकडे, ॲस्पिरिनकडे, वळू.

तिची गोष्ट सुरू होते झाडाच्या सालीपासूनच. विलो नावाचे एक झाड युरोपात ओढ्यानदीकाठी वाढते. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही नद्यांच्या काठी उगवतो. आपण त्याला वाळुंज म्हणतो. एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलोची साल वाळवून, कुटून, तिची पूड हिवतापासारख्या तापाने आजारी असलेल्या सुमारे पन्नास माणसांना दिली आणि गुण आल्याचे पत्र १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले. पुढे १८२८ साली म्यूनिकच्या योहान बुखनर याने त्या सालीतून कडू पिवळे सत्त्व काढले. झाडाच्या लॅटिन नावावरून, म्हणजे 'सॅलिक्स'वरून, त्याला 'सॅलिसिन' नाव पडले. १८३८ मध्ये राफाएले पिरिया या इटालियन रसायनज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनवले. सांधेदुखीवर आणि तापावर हे औषध उत्तम, पण पोटाला भारी जड. घेणाऱ्याचा ताप उतरे आणि पोट पेटे.

त्या आम्लाला सौम्य करण्याचा एक प्रयत्न शार्ल गेरार याने १८५३ साली करून पाहिला होता, पण तो तिथेच राहिला. जर्मनीत एल्बरफेल्ड येथे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स होफमान या तरुण रसायनज्ञाने १० ऑगस्ट १८९७ रोजी ते शुद्ध स्वरूपात तयार केल्याची नोंद आपल्या वहीत केली. इथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच प्रयोगशाळेत आर्थर आयशेनग्र्यून नावाचे दुसरे रसायनज्ञ होते. ते ज्यू होते. हिटलरच्या राज्यात होफमानच्या नावाची कथा रूढ झाली, आणि आयशेनग्र्यून यांना म्हातारपणी थेरेझिनश्टाट्टच्या छावणीत कैदेत टाकण्यात आले. ते तिथून जिवंत सुटले आणि १९४९ साली त्यांनी लिहून ठेवले की या कामाची दिशा होफमानला आपणच दिली होती. त्याच वर्षी ते वारले. पुढच्या काळात काही संशोधकांनी त्यांचा पक्ष उचलून धरला. हा वाद मिटला असे म्हणता येत नाही. गोळीला जगभर नाव मिळाले, पण ती करणाऱ्याचे नाव मात्र तंट्यात राहिले.

गोळीच्या नावाचा जन्म १८९९ चा. 'अ' हा असेटिलचा. म्हणजे आम्ल सौम्य करण्यासाठी त्याला जे जोडले त्याचा. 'स्पिर' हे एका फुलझाडाच्या, स्पायरियाच्या, नावातले. कारण तेच आम्ल त्या झाडातूनही मिळत असे आणि जर्मन त्याला त्यावरून नाव देत. आणि शेवटी 'इन', औषधांच्या नावांना तेव्हा लावीत ते शेपूट. आपल्या व्याकरणात ज्याला समास म्हणतील तसला हा तीन तुकड्यांचा जोड. ६ मार्च १८९९ रोजी बर्लिनमध्ये या नावाची नोंदणी झाली.

आता उच्चार. जन्माने पाहिले तर हे नाव जर्मन आहे, आणि जर्मन माणूस ते 'आस्पिरीन' असे म्हणतो. सुरुवातीला सरळ 'आ', आणि जोर शेवटच्या 'रीन'वर. फ्रेंचही जवळजवळ तसेच. इटालियन आणि स्पॅनिश लोक त्याला 'आस्पिरिना' करून स्त्रीलिंगी देतात. इंग्रज पहिल्याच अक्षरावर एवढा जोर देतो की मधली 'पि' गिळली जाते आणि कानावर 'ॲस्प्रिन' येते. मी शाळेत मुलांकडून घोटून घेतो तो 'ॲस्पिरिन' हा उच्चार यांतल्या कोणाचाच नाही! आपण इंग्रजांचा 'ॲ' घेतला आणि जर्मनांची तीन अक्षरे ठेवली. आणि ज्या घरांत आजोबा 'आस्पिरीन' म्हणत आणि नातवंडे हसत, तिथे गोळीच्या जन्मगावाला जवळचे आजोबाच होते.

*

हे नाव एका कंपनीचे राहिले नाही, त्याचाही इतिहास मौजेचा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून माल येणे बंद पडले. ऑस्ट्रेलियात जॉर्ज निकोलस या औषधविक्याने १९१५ साली स्वतःच ॲस्पिरिन बनवले आणि दोन वर्षांनी त्याचे नाव 'ॲस्प्रो' ठेवले. निकोलसमधला शेवटचा 'ॲस' आणि प्रॉडक्टमधला पहिला 'प्रो' मिळून ते झाले म्हणतात. हेच ॲस्प्रो पुढे आपल्याकडे आले. जुन्या मराठी मासिकांची पाने उलटली की कपाळाला हात लावून बसलेला तो गृहस्थ अजून भेटतो.

अमेरिकेत तर सरकारने बायरची मालमत्ता जप्त करून १९१८ च्या डिसेंबरात लिलावात काढली. ती त्रेपन्न लाख डॉलरना गेली. नंतर नावावरून खटला उभा राहिला. लर्नेड हँड या न्यायाधीशांनी १९२१ साली निकाल दिला. त्याचे सार असे: सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडी 'ॲस्पिरिन' म्हणजे अमुक कंपनीचा माल असा अर्थ नसून ते त्या औषधाचेच नाव झाले आहे, तेव्हा लोकांपुरते ते कोणा एकाच्या मालकीचे नाही. कॅनडासारख्या काही देशांत मात्र ते नाव अजूनही बायरचेच आहे. पण मला त्या निकालातली दृष्टी आवडली. नावाचा अर्थ ठरवताना न्यायाधीशांनी नोंदवहीबरोबर बाजारातल्या माणसाच्या तोंडाकडेही पाहिले. आमच्या आजी त्या न्यायालयात असत्या तर खटला जिंकून आल्या असत्या.

*

आपल्या लिपीलाही या गोळ्यांनी थोडे काम लावले आहे. ॲस्पिरिनमधला 'ॲ' आणि पॅरासिटामॉलमधला 'ऑ' हे स्वर संस्कृताच्या बाराखडीत नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांत 'डाक्तर', 'कालेज', 'आगष्ट' असे छापलेले दिसते ते त्यामुळेच. कान ऐकत होता, पण खिळ्यांच्या पेटीत अक्षर नव्हते. मग डोक्यावर अर्धचंद्र ठेवण्याची युक्ती निघाली आणि रुळली. बरीच वर्षे हा अर्धचंद्र पाहुण्यासारखा राहिला. छापण्यात होता, वर्णमालेच्या तक्त्यावर नव्हता. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना मराठी वर्णमालेतल्या स्वरांत रीतसर जागा मिळाली. तेव्हा 'अ अननसाचा' म्हणणाऱ्या बाळाला आता 'ॲ ॲस्पिरिनचा' म्हणायलाही हरकत नाही. फक्त गोळी हाताशी येणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

एक वेदनाहारक मात्र असे, की ज्याचे नाव देशीच आहे, आणि तरी त्याच्या उच्चारात प्रांताप्रांतांचा भेद आहे. ते म्हणजे अमृतांजन. काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्र गृहस्थांनी हा मलम १८९३ साली मुंबईत सुरू केला. १९१४ च्या सुमारास कारभार मद्रासला गेला. त्याच्या डबीवरची रोमन अक्षरे वाचा. 'अम्रित' नाही, 'अम्रुत' आहे. 'ऋ' हा स्वर त्याच्या मूळ रूपात आज कोणीच म्हणत नाही. हिंदी आणि बंगाली माणूस त्याचा 'रि' करतो. मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू माणूस 'रु' करतो. नंदुरबारहून पूर्वेला मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की तेच अमृत 'अम्रित' होते. पश्चिमेला सुरतेकडे गेले की पुन्हा 'अम्रुत'. आपण इंग्रजी शब्दांच्या उच्चारावरून एकमेकांना हसतो, आणि अमृताच्या उच्चारावर आपले अजून एकमत नाही. या मलमाच्या जाहिरातीच्या फलकावरून बोरघाटातल्या १८३० सालच्या दगडी पुलालाच लोक 'अमृतांजन पूल' म्हणू लागले होते. हा पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, पण घाटातल्या त्या जागेची खूण सांगताना लोकांच्या तोंडी ते नाव अजून येते.

*

आता आजच्या घराघरातली गोळी, पॅरासिटामॉल. हिच्या नावाने भल्याभल्यांची जीभ वळते. मी 'पॅराशिटामल', 'पारासिटमोल', 'पॅरासेटॉल' असे सगळे पाठभेद ऐकले आहेत, आणि त्यांतले काही तर शिक्षकांच्या खोलीत.

हे नाव एवढे लांब का? कारण ते एका त्याहून लांब नावाची कात्री लावून केलेली घडी आहे. मूळ रासायनिक नाव पॅरा-ॲसिटिल-अमिनो-फिनॉल. इंग्रजांनी त्यातले 'पॅर', 'ॲसिट', 'अम' आणि 'ऑल' उचलून पॅरासिटामॉल केले. अमेरिकनांनी त्याच नावातले दुसरे तुकडे घेऊन 'असिटामिनोफेन' केले. एवढेच नव्हे, तर तिकडचे 'टायलेनॉल' हे विक्रीचे नावही त्याच रासायनिक नावातला 'टिल' आणि 'एनॉल' जोडून झालेले. एका थानातून तीन सदरे! हे औषध १८७० च्या दशकातच प्रयोगशाळेत तयार झाले होते, पण कोपऱ्यात पडून राहिले. १९४८ साली ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवून दिले की तेव्हा प्रचारात असलेल्या एका जुन्या औषधाचा गुण खरे तर शरीरात तयार होणाऱ्या या द्रव्यामुळेच येतो. त्यानंतर १९५५ मध्ये ते अमेरिकेत आणि १९५६ मध्ये इंग्लंडात दुकानांत आले.

आता याचा शुद्ध उच्चार? इंग्रजी कोश उघडा. त्यात 'पॅरासीटमॉल' आणि 'पॅरासेटमॉल' असे दोन दिलेले आढळतात, आणि दोन्ही ग्राह्य. ज्यांच्या भाषेत नाव घडले त्यांचेच दोन पंथ. मग आपण कशाला लाजावे? आपल्या जिभेला सोयीचे म्हणजे पाच पावले टाकावीत: पॅ-रा-सि-टा-मॉल. न धावता म्हटले की कोणालाही जमते.

औषधांची नावे जगभर एक असावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली काम हाती घेतले आणि १९५३ साली पहिली यादी प्रसिद्ध केली. पॅरासिटामॉल हे त्याच पद्धतीचे नाव. नवी नावे ठरवताना त्यांचा एक नियम असा की नाव म्हणायला आणि लिहायला दुसऱ्या नावाशी घोटाळा होईल असे नसावे. आणि निरनिराळ्या भाषांच्या लोकांना सोपे जावे म्हणून रोमन लिपीतली 'एच' आणि 'के' ही अक्षरेही शक्यतो टाळावीत. म्हणजे त्या जागतिक पंडितांनीही मान्य केले की जीभ शब्दाकडे जात नसेल तर शब्दाने थोडे जिभेकडे यावे.

*

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग काहीही म्हणा, सगळे बरोबर! मलाही तसेच वाटले असते. पण माझ्याजवळ आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

माझ्या एका मावशीला पोटात जुना व्रण होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते की ॲस्पिरिन घ्यायचे नाही. मावशी शाळेत फारशी गेलेली नव्हती. हे नाव तिच्या लक्षात राहावे म्हणून मीच तिला ते शिकवले. दोन दिवस घोटून घेतले. 'अ नाही, ॲ. ॲस्-पि-रिन.' मावशी हुशार. तिचा उच्चार इतका स्वच्छ झाला की आल्यागेल्याला मी तो कौतुकाने म्हणून दाखवायला लावी.

त्या थंडीत तिचे गुडघे धरले. शेजारणीने मायेने पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या. मावशीने नाव विचारले. ते निराळे होते. ॲस्पिरिन नव्हते. तिने आठ दिवस त्या घेतल्या. नवव्या दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आम्ही रात्री तिला इस्पितळात नेले. रक्त द्यावे लागले. देवाच्या दयेने ती वाचली. डॉक्टरांनी गोळ्यांचे पाकीट मागितले, चष्मा वर केला आणि पाकीट माझ्यापुढे धरले. मोठ्या अक्षरांतल्या विक्रीच्या नावाखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते: ॲस्पिरिन.

शुद्धीवर आल्यावर मावशी मला म्हणाली, "अरे, ती गोयी माले चालत नही. हाई दुसरी शे, अशे वाटनं."

तिचे काहीच चुकले नव्हते. तिने पाठ केलेले नाव अचूक होते. चुकले होते ते शिकवणाऱ्याचे. मी तिला नावाचा उच्चार शिकवला. त्या नावाची गोळी दहा निराळ्या नावांनी बाजारात फिरते, हे सांगितले नाही. त्या बाजारातल्या आजी 'हारिडोन' म्हणाल्या आणि त्यांना हवी तीच गोळी मिळाली. माझी मावशी 'ॲस्पिरिन' शुद्ध म्हणत राहिली आणि तेच औषध पोटात घेत राहिली. तेव्हापासून शुद्धलेखनाच्या वह्या तपासताना माझा लाल पेन जरा हळू चालतो.

*

गोळीला दोन नावे असतात, हे आपल्या घरांत सगळ्यांना कळले पाहिजे. एक विक्रीचे नाव. ते मोठ्या अक्षरांत असते आणि जाहिरातीत गाजते. दुसरे औषधाचे मूळ नाव. ते बारीक अक्षरांत असते आणि शरीराशी त्याचाच संबंध येतो. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉलच. ज्याच्या पोटात व्रण आहे त्याने ॲस्पिरिन कोणत्याही नावाने घेऊ नये. डेंग्यूच्या तापात ते टाळायचे असते, कारण त्याने रक्तस्रावाची भीती वाढते. लहान मुलांना ताप आला असता ते डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीच देऊ नये. आणि पॅरासिटामॉल सौम्य खरे, पण सर्दीची एक गोळी, तापाची दुसरी, अंगदुखीची तिसरी अशा तीन नावांनी तेच तीनदा पोटात गेले तर यकृताला इजा होते.

डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावे असा नियम २०१६ साली झाला. २००८ पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांत तर मूळ नावानेच औषध मिळते, आणि स्वस्त मिळते. पण ते मागण्यासाठी ते नाव तोंडातून निघाले पाहिजे. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या खानेसुमारीत शंभरांत चौसष्टच माणसांना लिहिता-वाचता येत होते, आणि बहुतेक पाकिटांवरची अक्षरे इंग्रजी. अशा ठिकाणी माणूस चारचौघांत हसू होईल या भीतीने नावच घेत नाही. 'ती पांढरी गोळी द्या' एवढेच म्हणतो. पांढऱ्या गोळ्या पुष्कळ. या भीतीला खतपाणी घालणारे आपणच, चुकीच्या उच्चाराला हसणारे. हसण्याने उच्चार सुधारत नाही. माणूस बोलणे बंद करतो एवढेच.

म्हणून या सुट्टीत मी माझ्या सातवीच्या मुलांना निबंध दिलेला नाही. घरातल्या औषधांच्या डब्याची यादी करून आणायला सांगितली आहे: विक्रीचे नाव, त्याखालचे बारीक नाव मराठी अक्षरांत, ते कशावर, आणि घरात ते कोणाला चालत नाही. आजी-आजोबांना शेजारी बसवून ती मोठ्याने वाचायची, आणि त्यांच्याकडून एकदा म्हणून घ्यायची. जसे येईल तसे. दोघातिघांनी उत्साहाने सुट्टी लागण्याआधीच याद्या आणून दाखवल्या. एका भिल्ल मुलाच्या वहीत लिहिले आहे: "पारशिटामोल. तापावर. आजीला चालते. दुसरी पांढरी गोळी आजीला चालत नाही, पोट दुखते, तिचे नाव ॲस्पीरीन, पाकिटावर दुसरे लिहिले असले तरी."

त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत आणि पहिल्या नावाची तर पार मोडतोड झाली आहे. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.